शेवटचा कान

माणसांना नावं असतात हे भाऊंना मान्य होतं, पण ती वापरायची त्यांना गरज वाटत नसे. ते माणसाला त्याच्या गावानं हाक मारत. मी जामखेडहून आलेली, म्हणून मी ‘जामखेड’. आमच्या ऑफिसच्या खाली पिठाची गिरणी होती, तिचा मालक ‘भिंगार’. फ्यूज बसवायला येणारा वायरमन ‘राहुरी’. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. “जामखेड, जरा खिडकी लाव,” असं कुणी म्हटलं की आख्ख्या तालुक्यानं उठून खिडकीकडे जावं असं वाटायचं. पुढे सवय झाली, आणि आणखी पुढे तर कुणी माझ्या खऱ्या नावानं हाक मारली की मी क्षणभर इकडेतिकडे बघायची.

ते स्वतः श्रीगोंद्याकडचे. पण त्यांना कुणी ‘श्रीगोंदा’ म्हणत नसे. सगळे ‘भाऊ’च म्हणत. वय चाळिशीच्या पलीकडे, लग्न झालेलं नाही, अंगात कायम पांढरा शर्ट. पांढरा यासाठी की गिरणीचं पीठ वर यायचं आणि दुसऱ्या कुठल्याही रंगावर ते दिसायचं. साखर कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कारखान्यानं पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्यापुढे बसायला कुणी तयार होईना, म्हणून हे बसले, आणि मग उठलेच नाहीत. नोकरी सोडून नगरला आले, गिरणीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि दुकानदारांना, दूध संस्थांना, डॉक्टरांना लागतील तसे प्रोग्रॅम करून द्यायला लागले. गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि मॉनिटरवरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. आम्ही त्या वेळेला चहा प्यायचो.

माझी मुलाखत मला चांगली आठवते. मी डिप्लोमाची सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून गेले होते. त्यांनी फोल्डर बाजूला ठेवलं आणि टेबलावर एक पुठ्ठा मांडला. पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला लग्नपत्रिकांचे कापलेले छोटे तुकडे, फायलीतून कागदाचा कोपरा बाहेर डोकावतो तसे. त्यांवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: नाव-पत्ता, दूध, फॅट, उचल, पशुखाद्य.

“दूध डेरीचा पडदा हाय,” ते म्हणाले. “कान लाव.”

पडदा म्हणजे स्क्रीन, आणि कान म्हणजे टॅब. टॅब हा शब्द त्यांना चालत नसे, कारण टायपिंग शिकलेल्या माणसाला टॅब म्हटलं की त्याचं बोट कीबोर्डाकडे जातं. पडद्यावर वर डोकावणारे, एकावर क्लिक केलं की मागचं पान पुढे आणणारे ते चौकोन म्हणजे कान. मी मला सुचले तसे कान लावले. त्यांनी बदलले. मी पुन्हा माझे होते तसे केले आणि सांगितलं की सकाळी डेरीत रांग लागलेली असते, तेव्हा दूध आणि फॅट शेजारी शेजारीच पाहिजेत, पत्ता रोज कोण बघतो. ते बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “उद्यापास्नं ये.” सर्टिफिकेटं मी तशीच घरी नेली.

कानांविषयी त्यांची मतं ठाम होती, आणि ती कॉम्प्युटरपुरती नव्हती. माणूस पहिल्या कानावर बसतो आणि तिथून उठत नाही, असं ते म्हणत. कान जास्त झाले की माणूस बहिरा होतो, असंही म्हणत. हे तत्त्व ते कुठेही लावत. आम्ही जिथे चहा प्यायचो त्या हॉटेलात भावफलक होता. त्यात सगळ्यात वर ‘स्पेशल मसाला डोसा’ आणि सगळ्यात खाली ‘चहा’. तो डोसा कधी कुणी मागितलेला मी ऐकला नाही. भाऊ रोज त्या फलकाकडे बघून अस्वस्थ होत. शेवटी एके दिवशी त्यांनी स्वतः रंगाची डबी नेऊन, हॉटेलवाल्याच्या परवानगीनं, फलक पुन्हा लिहिला आणि चहा वर नेला. हॉटेलवाला खूष झाला, कारण अक्षर सुंदर होतं. विक्री तेवढीच राहिली. भाऊंना मात्र तो चहा त्या दिवसापासून जास्त चांगला लागायला लागला.

नवा पडदा तयार झाला की ते पुठ्ठ्यावर काढून खाली गिरणीत जात. दळणाला बसलेल्या बायका ही त्यांची परीक्षा समिती. पुठ्ठा पुढे धरून विचारायचे, “काय दिसलं पयलं?” एकदा एका म्हातारीनं डोळे बारीक करून सांगितलं होतं, “दिसतंय काय डोंबल, चष्मा घरी हाय.” भाऊ वर आले आणि सगळी अक्षरं मोठी करायला लावली.

गिऱ्हाइकांशी ते भांडत नसत. वाट काढत. एका दूध संस्थेच्या चेअरमनना प्रोग्रॅममध्ये पहिला कान स्वतःचा हवा होता, फोटोसकट, ‘चेअरमन यांचे मनोगत’. मी वैतागले. रोज पहाटे दूध मोजणाऱ्या माणसानं आधी मनोगत वाचायचं की काय? भाऊंनी निमूटपणे तो कान सगळ्यात डावीकडे बसवला, आणि प्रोग्रॅम असा लिहिला की तो उघडायचा थेट दुसऱ्या कानावर. चेअरमन येऊन बघून गेले. आपला कान पहिला आहे हे पाहून त्यांचं समाधान झालं. मापाड्याचंही झालं.

पण वाट लवकर निघेना अशी एक जागा आली, आणि ती सावेडीच्या काकूंच्या कामात.

काकू वधू-वर सूचक केंद्र चालवत. यजमान गेल्यावर सुरू केलेलं, पण नगरच नव्हे तर चार तालुक्यांतली माणसं त्यांच्याकडे यायची. दिवाणखान्यात लोखंडी कपाट होतं. त्यात जातीनुसार कप्पे, कप्प्यात फायली. माणूस दारात आला की काकू फक्त आडनाव विचारत आणि नेमका कप्पा उघडत. दुसऱ्या एका केंद्रानं पाटीवर ‘संगणकीकृत’ असं लिहिल्याचं त्यांच्या कानावर आलं, आणि त्या तडक गिरणीचा जिना चढून आल्या. पदराला पीठ लागलं ते झटकत म्हणाल्या, “मला कपाटातलं सगळं कॉम्प्युटरात हवंय. आणि पाटी पण तुम्हीच रंगवून द्या, अक्षर चांगलं आहे म्हणतात.”

भाऊंची पद्धत अशी की ते आधी जाऊन बसत. काकूंच्या दिवाणखान्यात ते काही दिवस कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिले. आलेल्या लोकांना वाटायचं हाही कुणाचा तरी बाप आहे. एकानं तर त्यांना तुमची मुलगी केवढी म्हणून विचारलं. परत आल्यावर त्यांनी मला सांगितलं की माणसं तोंडानं एक विचारतात आणि बघतात दुसरंच. पगार विचारतात, पण आधी फोटो बघतात. फोटो बघून झाला की गाव बघतात, आणि त्या गावात आपलं कोण आहे ते आठवतात. शिक्षण वगैरे सगळं नंतर.

तेव्हा कानांचा क्रम ठरला: फोटो, गाव, शिक्षण, नोकरी, घरची माणसं, आवडी, अपेक्षा, पत्रिका, जात. इतके कान एका ओळीत मावेनात. दोन ओळी केल्या, तर मागच्या ओळीतल्या कानावर क्लिक केलं की ती आख्खी ओळ उडी मारून पुढे यायची आणि पुढची मागे जायची. त्या काळच्या कॉम्प्युटरची ती रीतच होती. भाऊंनी ते एकदा बघितलं आणि मॉनिटर बंद केला.

“हा काय खो-खो हाय का?” ते म्हणाले. “माणसानं बोट लावलं की कान पळतोय.”

मग कानांवरचे शब्द आखूड करून, फॉन्ट बारीक न करता, कसेबसे सगळे एका ओळीत बसवले. काकू बघायला आल्या. पहिला कान बघितला, दुसरा बघितला, आणि शेवटच्या कानाशी येऊन म्हणाल्या, “हे असं नाही चालणार. जात पहिली.”

भाऊंनी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. त्यात समाजसुधारणा वगैरे काही नव्हतं, हे मला तेव्हा जरा खटकलंच. त्यांचा मुद्दा निव्वळ जागेचा होता. कपाटात एका कप्प्यात सगळे एकाच जातीचे, मग त्या कप्प्यातल्या प्रत्येक फायलीवर तीच जात पहिली लिहून फायदा काय, जी गोष्ट सगळीकडे सारखीच आहे तिला पहिली जागा कशाला. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भाऊ, कॉम्प्युटरात कप्पे कुठे आहेत? माझ्याकडे आलेली आई फोटो बघणार, गाव बघणार, मुलगा आवडून घेणार, आणि शेवटच्या कानाला येऊन रडणार. ते रडणं मी निस्तरायचं.”

काकू म्हणाल्या, क्रम बदलला तर प्रोग्रॅम घेते, नाहीतर माझं कपाट बरं. आणि गेल्या.

त्यानंतर भाऊ जवळजवळ महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. त्यांनी ते विकत मिळणारे तयार कान सगळे काढून टाकले आणि स्वतःचे कान तयार करायला घेतले, साधे चौकोन, पण माउसनं धरून उचलता येतील आणि हव्या त्या जागी सोडता येतील असे. एक कान उचलला की बाकीचे सरकून त्याला जागा करून द्यायचे. सुरुवातीला ते एकमेकांवर चढायचे. एकदा ‘पत्रिका’ गायब झाली आणि दोन दिवस सापडली नाही. पण शेवटी जमलं. ज्या घराची नोंद, त्या घरानं स्थळं बघताना आपले कान आपल्या मनासारखे लावायचे, आणि कॉम्प्युटरनं ते लक्षात ठेवायचे. ज्याला जात पहिली पाहिजे त्यानं पहिली लावावी. आज हे कुठेही बघायला मिळतं, पण तेव्हा मी असं पाहिलेलं नव्हतं. काकूंनी एक कान उचलून इकडून तिकडे ठेवला, परत उचलला, आणि लहान मुलीसारखं हसल्या.

प्रोग्रॅम काकूंच्या घरी बसला आणि भलतीच मजा सुरू झाली. काकूंच्या लक्षात आलं की घर कसं आहे ते आता विचारायलाच नको, त्यांनी कान कसे लावलेत ते बघितलं की पुरे. एक वकील आले, त्यांनी ‘नोकरी’ पहिला ठेवला आणि बाकी कानांना हातही लावला नाही. एका घरातल्या आजींनी ‘घरची माणसं’ पुढे आणला आणि नणंदा किती ते मोजून बघितलं. कोल्हारचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. त्यांनी जात, पत्रिका, नोकरी अशी शिस्तीत मांडणी केली आणि स्कूटर सावलीत लावायला बाहेर गेले. तेवढ्यात मुलीनं ‘आवडी’ उचलून पहिल्या जागी नेऊन ठेवला. वडील परत आले, त्यांनी तो मागे टाकला. मग ते पाणी प्यायला उठले तशी तिनं परत पुढे आणला. काकू हे सगळं तोंडाला पदर लावून बघत होत्या. मला सांगताना त्या म्हणाल्या, “या मुलीचं मी चांगलं करणार.” आणि केलंही.

आता मुख्य गोष्ट. कुठलाही प्रोग्रॅम लिहिताना तो तपासायला एखादी खोटी नोंद भरावी लागते. भाऊंनीही एक भरली होती. नाव विचारणारा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून नाव टाकलं ‘अबक’. स्कॅनर चालतो का हे बघायला समोर दुसरा फोटो नव्हता, म्हणून स्वतःच्या लायसनसाठी काढलेला फोटो टाकला. गाव खरं टाकलं. ‘आवडी’ आणि ‘अपेक्षा’ या कानांखालचे रकाने मोठे होते, लांब मजकूर लिहिला तर ओळी नीट खाली उतरतात का ते बघायचं होतं. टेस्ट, टेस्ट असं किती वेळ लिहिणार. म्हणून त्यांनी मनाला येईल ते लिहून काढलं: ताक आवडतं, भाकरी थोडी करपलेली आवडते, एसटीत खिडकी पाहिजे, भांडण झालं तर चालेल पण त्यानंतर चहा व्हावा, घरात कुणी मोठ्यानं वाचत असेल तर ऐकायला आवडेल. अपेक्षांत लिहिलं होतं: बोलणारी असावी, मी बोलत नाही. शेवटचा कान जातीचा, तो रिकामाच होता.

ही नोंद प्रोग्रॅम देताना काढून टाकायची राहून गेली. काकूंनी ती पाहिली होती, पण त्यांना वाटलं, नव्या पाकिटात कुणाचा तरी फोटो घालून देतात तसा हा नमुना असेल. म्हणून त्यांनीही काढली नाही.

एका शनिवारी कोपरगावकडून एक बाई काकूंकडे आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स, वय भाऊंपेक्षा थोडंसं कमी. बरोबर कुणी नाही, स्वतःच स्वतःचं नाव नोंदवायला आलेल्या. काकूंनी त्यांना माउस कसा धरायचा ते दाखवलं आणि आत चहा टाकायला गेल्या. परत आल्या तर बाई मॉनिटरकडे बघून हसत होत्या.

“हे अबक कोण?” त्यांनी विचारलं.

काकूंनी सांगितलं की तो काही खरा माणूस नाही, नमुना आहे. बाई म्हणाल्या, करपलेली भाकरी आवडणारा नमुना कुणी कशाला तयार करेल, हा खरा माणूस आहे आणि मला त्याला भेटायचंय.

काकू दुसऱ्या दिवशी जिना चढून आल्या त्या अर्ध्या रागात आणि अर्ध्या आनंदात. भाऊंना आधी काही कळेचना. कळलं तेव्हा ते म्हणाले की ती चूक आहे, आजच्या आज नोंद काढून टाकतो. काकू म्हणाल्या, “नोंद काढा. पण ती बाई येणार आहे, तिला काय काढून टाकणार?” मग जरा थांबून म्हणाल्या, “तिच्या घरचं मी तुम्हाला आधी सांगून ठेवते...”

भाऊंनी हात वर केला. “सावेडी, तिला यायचं तर येऊ द्या. तिचं ती सांगंल.”

काकूंचा आग्रह होता की भेट त्यांच्याच दिवाणखान्यात रीतसर व्हावी. कोपरगावच्या बाईंनी कळवलं की माणूस काम करतो तिथेच बघायचा आहे. पुढच्या शनिवारी त्या आल्या. भाऊंनी शर्ट नवा घातला होता, पण तोही पांढराच. मी उठून जायला लागले तर दोघांनीही मला एकदम बसायला सांगितलं.

खाली गिरणी सुरू झाली, चित्र आक्रसलं. बाई म्हणाल्या, त्यांच्या दवाखान्यातला लाइटही असाच करतो. मग त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली आणि सांगितलं की तुमचं एक चुकलंय. ‘नोकरी’ हा कान पुरुषांसाठी ठीक आहे. बाईसाठी तो पुरत नाही.

“का?” भाऊ म्हणाले.

“मला आजवर जेवढे लोक बघायला आले त्यांनी माझी नोकरी आहे का हे विचारलं. लग्नानंतर ती राहणार का हे कुणी विचारलं नाही. ते त्यांनी आधीच ठरवलेलं असायचं. त्याचा कान कुठाय?”

भाऊ उठले, कपाटावरून पुठ्ठा काढला, लग्नपत्रिकेचा तुकडा कापला, आणि त्यावर लिहिलं: ‘लग्नानंतर नोकरी’. मग तो कुठे लावायचा यावर दोघांचं चांगलं वाजलं. बाईंना तो पहिला हवा होता. भाऊ म्हणत होते, फोटोच्या आधी काहीच येऊ शकत नाही, डोळ्याचा स्वभाव आहे. बाई म्हणाल्या, डोळ्याचं मला सांगू नका, मी डोळ्यांच्या वॉर्डात होते. मी इतकी वर्षं भाऊंबरोबर काम केलं, पण त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी तो कान तिसरा ठरला. मी खाली जाऊन चहा सांगून आले.

चहा पिताना बाईंनी त्यांना विचारलं, “जातीचा कान तुम्ही रिकामा ठेवला. मुद्दाम?”

मला वाटलं, आता भाऊ काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, “न्हाई. राहिलं.”

बाई खळखळून हसल्या. मग त्यांनी सांगितलं की त्यांचं घर बौद्ध, वडील कारखान्यात फिटर होते. त्यांना बघायला मोठ्या मनाची माणसंही येऊन गेली होती. त्यातल्या एकानं बसल्या बसल्या पाच मिनिटांत आपण जातपात मानत नाही हे सांगितलं, आणि सहाव्या मिनिटाला लग्नानंतर तुमच्याकडचे नातेवाईक घरी किती येतील ते विचारलं. “तत्त्वाची माणसं मी बघितली,” त्या म्हणाल्या. “विसरणारा पहिलाच.”

भाऊंनी मान डोलावली आणि बशीतला चहा संपवला.

लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं ठरलं. बातमी श्रीगोंद्याला पोचायला वेळ लागला नाही. एका दुपारी भाऊंचे थोरले भाऊ, दादा, जीपमधून आले. उंच, शांत माणूस, डोक्याला फेटा. त्यांनी माझी विचारपूस केली, ऑफिस बघितलं, भाडं किती विचारलं. मग खुर्चीत बसले. मी माझ्या टेबलाशी काम करत असल्यासारखी बसून राहिले.

“पोरगी कोनाची?” दादांनी विचारलं.

“कोपरगावची.”

“गाव न्हाई इचारलं मी.”

“मंग?”

“मी काय इचारतोय ते तुला कळतंय.”

“कळतंय,” भाऊ म्हणाले. “पर मी तिला इचारलं न्हाई.”

हे अक्षरशः खरं होतं. त्यांनी विचारलं नव्हतं, तिनं आपण होऊन सांगितलं होतं. दादांनाही ठाऊक असणारच, त्याशिवाय ते जीप घेऊन एवढ्या लांब आले नसते.

“मग आता इचार,” दादा म्हणाले.

भाऊंनी पुठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा केला. “आता तारीख ठरली, दादा. आता इचारलं तर तिला वाटंल, त्याच्यावर ठरवायचं हाय.”

दादा आवाज चढवतील असं मला वाटत होतं. तो चढवला असता तर बरं झालं असतं. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि पाठमोरेच म्हणाले, “आईला काय सांगू?”

“तारीख सांग.”

जीप गेल्यावर भाऊ संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून होते. मला त्यांनी लवकर घरी जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा डेरीचा एक जुना प्रोग्रॅम उघडून त्यातले सगळे कान काढून पुन्हा होते तसेच लावत बसले होते. त्या दिवशी त्यांनी मला एकदाही जामखेड म्हणून हाक मारली नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयात आम्ही मोजकेच होतो. बाईंकडून वडील, बहीण, आणि दवाखान्यातल्या दोन नर्स. आमच्याकडून मी, काकू, आणि भिंगार, तो गिरणी बंद ठेवून आला होता. दादा आले नाहीत. पण सह्यांची वेळ झाली तेव्हा व्हरांड्यात एक म्हातारी दिसली, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर टेकलेली. भाऊंची आई. एकटी एसटीनं आली होती. भाऊ तिच्यापुढे वाकले, तिनं त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली. सुनेकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, “भाकरी येती का?” बाई म्हणाल्या, “येते, पण करपते.” म्हातारीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला आपली सून खरं बोलणारी आहे एवढंच दिसलं. मग तिनं मला बाजूला घेऊन विचारलं की हितं चहा देत्यात का. दुपारी सगळे सुनेच्या बहिणीकडे गेलो. तिथे बुद्धवंदना झाली, जेवण झालं. म्हातारी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मुक्काम केला नाही. दादांनी पुढेही कधी बोलावलं नाही आणि कधी वाईटही बोलले नाहीत. सणाला श्रीगोंद्याहून गूळ यायचा, कुणी पाठवला ते न सांगता.

बाईंची सरकारी नोकरी, त्यामुळे काही महिन्यांनी भाऊंनीच बिऱ्हाड कोपरगावला नेलं. गिरणीवरच्या खोल्या सोडल्या. मला पुण्यात काम मिळालं, तिथे लोक माझं नाव घेऊन हाक मारायचे. काकूंचं केंद्र चालू राहिलं, पण तिथे ‘लग्नानंतर नोकरी’ हा कान पाहून काही वरपिते बिथरतात असं त्या हसत सांगायच्या.

मी पुण्याहून एकदा कोपरगावला गेले. बाई ड्यूटीवर होत्या. भाऊंनी दार उघडलं, चहा केला, दोन खोल्यांचं घर दाखवलं. गावातल्या एका औषधांच्या दुकानाचा प्रोग्रॅम चालला होता. ते आता थोडं जास्त बोलत होते. बाई रात्रीची जेवणं झाली की वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात, त्यातले निधनाचे कॉलम सोडून, असं म्हणाले. त्या त्यांना ‘श्रीगोंदा’ म्हणतात हेही मला तेव्हाच कळलं.

निघताना माझ्या मनात बरेच दिवस होतं ते मी विचारलं. म्हटलं, भाऊ, तुम्ही काना-कानासाठी महिना घालवणारे माणूस. तो एक कान तुमच्याकडून खरंच राहिला होता?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाहेर, रस्त्यावर कुणी येत नाही ना ते बघितलं.

“पयल्या दिवशी राहिला,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी दिसला. मंग भरला न्हाई.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

“हिला सांगू नको, जामखेड. ती मला विसराळू समजती. लई बरं चाललंय आमचं.”